बुद्धिबळाच्या स्पर्धेतला पहिला डाव कसा खेळावा

माझ्या पहिल्या स्पर्धेत, पहिल्याच फेरीत, मी हत्तीला बोट लावलं आणि मग लक्षात आलं की हा हत्ती हलला तर मागचा घोडा उघडा पडतो. मी हत्ती सोडला आणि घोडा उचलला. समोर भुसावळचा एक मुलगा बसला होता, असेल दहा वर्षांचा. तो काही बोलला नाही. त्याने घड्याळ थांबवलं आणि हात वर केला. पंच आले, त्यांनी मला एवढंच विचारलं, "हत्तीला हात लावला होता का?" मी हो म्हणालो. हत्ती हलवावा लागला, घोडा गेला आणि पंधरा चालींनी डावही गेला.

आमच्या गावात, अमळनेर तालुक्यात, मी बरा खेळणारा समजला जायचो. ओट्यावर संध्याकाळी पट मांडला की चार माणसं भोवती जमायची, दोन जण मला चाली सांगायचे, दोन जण समोरच्याला. चुकलं की "वापस ले ना भो" म्हणून मोहरा परत घेता यायचा. पुढे बऱ्याच स्पर्धा खेळलो, बऱ्याच पाहिल्या. शहादा, पारोळा, चाळीसगाव, रावेर अशा ठिकाणांहून आलेले चांगले खेळाडू पहिल्या स्पर्धेत कसे हरतात हे जवळून पाहिलं. बुद्धिबळ कमी येतं म्हणून ते क्वचितच हरतात. हरतात ते ओट्यावरच्या सवयींनी. या सवयी महिनाभरात बदलता येतात. त्या कशा बदलायच्या, हे मी पायरीपायरीने सांगतो.

१. स्पर्धा निवडा

जाहिरातीत आधी वेळ पाहा. प्रत्येक खेळाडूला पूर्ण डावासाठी साठ मिनिटं किंवा त्याहून जास्त मिळत असतील तर तो क्लासिकल डाव. दहा मिनिटांपेक्षा जास्त आणि साठपेक्षा कमी असतील तर रॅपिड. दहा किंवा त्याहून कमी असतील तर ब्लिट्झ. रविवारी एका दिवसात उरकणाऱ्या स्पर्धा बहुतेक रॅपिड असतात. क्लासिकलला तीन-चार दिवस लागतात, म्हणजे रजा आणि राहायची सोय आली.

दुसरी पाहायची गोष्ट, स्पर्धा रेटेड आहे की बिनरेटेड. रेटेड म्हणजे जिच्या निकालावरून खेळाडूच्या ताकदीचा अधिकृत आकडा, रेटिंग, ठरतो. रेटेड स्पर्धेला फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचा, आयडी लागतो आणि अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाकडे नोंदणी असावी लागते. ही कामं ऑनलाइन होतात, पण प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी करायला जाऊ नका. माझा सल्ला असा : पहिली एक बिनरेटेड रॅपिड, घराजवळची. तिथे हॉल, घड्याळ, पंच यांची भीती मोडते. त्यानंतर थेट क्लासिकल रेटेड. वर्षानुवर्षं फक्त रॅपिडच खेळत राहिलं तर विचार करायची सवय लागत नाही.

रेटिंगबद्दल थोडं. रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव झाले आणि त्यात थोडेफार गुण मिळाले की तुमचं पहिलं रेटिंग लागतं. मार्च २०२४ पासून यादीतलं सर्वांत खालचं रेटिंग १४०० आहे, त्याखाली गेलात तर नाव बिनरेटेडमध्ये जातं. पहिल्याच स्पर्धेत सगळे डाव हरलात तर ती स्पर्धा धरलीच जात नाही, त्यामुळे तेवढ्यासाठी घाबरू नका. पुढचं गणितही सोपं आहे. समजा एकाचं रेटिंग १५०० आणि दुसऱ्याचं १६००. कोष्टकाप्रमाणे १६०० वाल्याकडून ०.६४ गुणांची अपेक्षा असते. निकाल आणि अपेक्षा यांतल्या फरकाला एका गुणकाने गुणतात, मुरलेल्या खेळाडूला तो गुणक २० असतो. म्हणजे १५०० वाला जिंकला तर त्याला १२.८ मिळतात आणि हरला तर ७.२ जातात. नव्या खेळाडूचा गुणक ४० असतो, त्यामुळे त्याचा आकडा दुप्पट वेगाने वर-खाली होतो. एवढं समजलं की आकड्याकडे पाहणं सोडा. डाव चालू असताना मनात रेटिंगची बेरीज-वजाबाकी करणारा माणूस समोरचा पट पाहत नसतो.

२. देशी नियम विसरा

आपल्याकडे जुनी माणसं अजून देशी बुद्धिबळ खेळतात आणि बरेच जण वडिलांकडून, आजोबांकडून तेच शिकलेले असतात. त्यात प्यादं सुरुवातीलाही एकच घर चालतं, कॅसलिंगऐवजी (राजा हत्तीकडे दोन घरं आणि हत्ती त्याच्या पलीकडे, ही एकच चाल) राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी असते आणि प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ते घर ज्या मोहऱ्याचं, तो मोहरा मिळतो. तो खेळ सुंदर आहे, जपला पाहिजे. पण स्पर्धेत आंतरराष्ट्रीय नियमच लागू असतात : प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं, शेवटच्या ओळीतल्या कुठल्याही घरात प्याद्याचा वजीर होतो, पटावर आधीचा वजीर असला तरी दुसरा घेता येतो.

देशीवाल्यांची सर्वांत जास्त चूक होते ती दोन घरं पुढे आलेल्या प्याद्याला बाजूच्या प्याद्याने मारण्यात, ज्याला आं पासां म्हणतात. तुमचं प्यादं पाचव्या आडव्या ओळीत आहे आणि समोरच्याने शेजारचं प्यादं दोन घरं उडवून तुमच्या बाजूला आणून ठेवलं, तर ते एकच घर चाललं असं समजून तुम्ही तिरकं मारू शकता. पण लगेचच्याच चालीला, नंतर नाही. एका स्पर्धेत धुळ्याकडचे एक काका या चालीवर पंचांशी दहा मिनिटं वाद घालत होते आणि त्यांचा पुढचा सगळा डाव त्या रागात गेला. हा नियम घरीच पट मांडून चार वेळा खेळून पाहा.

३. चाली लिहायला शिका

क्लासिकल डावात प्रत्येक चाल लिहावीच लागते, तुमची आणि समोरच्याचीही. दर चालीला तीस सेकंद वाढत असतील तर डावाच्या शेवटापर्यंत लिहावं लागतं, वेळ कितीही कमी उरली तरी.

उभ्या ओळींना डावीकडून ए ते एच ही इंग्रजी अक्षरं, आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८. राजाला के, वजिराला क्यू, हत्तीला आर, उंटाला बी. घोड्याला एन लिहितात, कारण के राजाकडे गेलेलं असतं. प्याद्याला अक्षर नाही, फक्त घर. म्हणजे राजासमोरचं प्यादं दोन घरं चाललं तर ई४. मारलं तर मध्ये फुली, शह दिला तर शेवटी अधिकचं चिन्ह. आठवडाभर घरातल्या कोणाशीही खेळा, पण लिहून खेळा. पोरांना हे दोन दिवसांत येतं, मोठ्यांना आठवडा लागतो.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा : आधी चाल करायची, मग लिहायची. आधी लिहून मग विचार करायची परवानगी नाही.

४. शेवटचे पंधरा दिवस

ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींची, पुस्तकं घेऊन बसू नका. एक ओपनिंग पांढऱ्याने, ई४ आणि डी४ ला एकेक उत्तर काळ्याने, एवढं पुरतं. उरलेला वेळ दोन गोष्टींना द्या.

पहिली, रोज अर्धा तास छोटी कोडी : दोन-तीन चालींत मोहरा जिंका किंवा मात करा. पण ती खऱ्या पटावर मांडून सोडवा. फोनवर हजारो डाव खेळलेल्या माणसाला खरा पट पहिल्या दिवशी वेगळाच दिसतो. फोनवर पट सपाट, वरून पाहिलेला असतो. टेबलावर मोहरे उभे असतात आणि दूरच्या कोपऱ्यातला उंट आपल्याच वजिराच्या आड लपतो. मी स्वतः असा लांबचा उंट न दिसल्याने हत्ती घालवला आहे.

दुसरी, राजा आणि एक प्यादं विरुद्ध राजा. हा शेवट ज्याला येत नाही त्याने स्पर्धेला जाऊ नये, असं मी ठाम म्हणतो. पट मांडा : पांढरा राजा ई५, पांढरं प्यादं ई४, काळा राजा ई७. दोन्ही राजे एकमेकांसमोर, मध्ये एकच घर. आता ज्याची चाल त्याचं नुकसान. काळ्याची चाल असेल तर त्याला बाजूला व्हावं लागतं. तो डी७ ला गेला की पांढरा एफ६ ला शिरतो आणि प्यादं वजीर होऊनच थांबतं. पांढऱ्याची चाल असेल तर मात्र डाव बरोबरीत. पांढरा राजा ज्या बाजूला जाईल त्या बाजूला काळ्याने समोर येऊन उभं राहायचं आणि मागे हटायची वेळ आली की प्याद्याच्याच उभ्या ओळीत सरळ मागे यायचं, तिरकं नाही. शेवटी काळ्या राजाला शह नाही आणि जागाही नाही, म्हणजे स्टेलमेट, म्हणजेच बरोबरी. हे दोन्ही बाजूंनी वीस वेळा खेळा.

हे फक्त आपल्यासारख्यांसाठी आहे असं समजू नका. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन, याने हत्ती चुकीच्या घरात ठेवला. भारताच्या गुकेशला हत्ती आणि उंट दोन्हींची अदलाबदल करता आली आणि मागे राहणारा राजा-प्याद्यांचा डाव डिंगसाठी हरलेला होता. जगज्जेतेपद त्या एका अदलाबदलीत गेलं. मोहऱ्यांची अदलाबदल करताना मागे काय उरेल, हे ज्याला दिसतं तोच मारामारी करायला मोकळा.

५. आदला दिवस आणि सकाळ

सुरत-भुसावळ मार्गावर राहणाऱ्यांचं बरं आहे. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव इथून जळगावला रेल्वेने थेट येता येतं. शिरपूर, शहादा, चोपडा इथे रेल्वेच नाही, एसटीवर भिस्त. अशांनी पहाटे निघून नऊच्या फेरीला पोचायचा हट्ट धरू नये. आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्काम करावा. उशिरा येणाऱ्याला किती मिनिटांची सवलत आहे ते प्रत्येक स्पर्धेच्या नियमांत लिहिलेलं असतं. ती मिनिटं संपली की समोरच्याला पूर्ण गुण मिळतो, आणि तुमचा प्रवास फुकट.

रात्री शेवभाजी नको. मला ती जीव की प्राण आहे, तरीही नको. स्पर्धेच्या आदल्या रात्री खिचडी-कढी आणि लवकर झोप. सुट्ट्यांमधल्या बऱ्याच स्पर्धा मे महिन्यात येतात आणि तेव्हा आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांना टेकतो. पाण्याची मोठी बाटली, दोन केळी, दोन पेनं आणि एक रुमाल बरोबर ठेवा. केळी डावाच्या दुसऱ्या तासाला खायची, भूक लागल्यावर नाही. भुकेची जाणीव होते तोवर दोन वाईट चाली होऊन गेलेल्या असतात.

फोन बाहेर ठेवा. बरोबर आलेल्या माणसाकडे द्या किंवा आयोजकांची सोय असेल तिथे जमा करा. खिशातला फोन वाजला तर डाव तिथेच गेला, आणि बंद करून खिशात ठेवणंही चालत नाही. हातातलं स्मार्ट घड्याळही याच नियमात येतं.

६. टेबलावर बसल्यावर

भिंतीवर किंवा ग्रुपवर पेअरिंग लागतं. त्यात टेबल क्रमांक, तुमचं नाव, रंग आणि समोरचं नाव. टेबलावर बसलात की पट पाहा : तुमच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यातलं घर पांढरं हवं आणि वजीर स्वतःच्या रंगाच्या घरात. घाईत राजा-वजीर उलटे मांडलेले मी पाहिले आहेत. स्कोअरशीटवर, म्हणजे चाली लिहायच्या कागदावर, नाव, फेरी, टेबल लिहून घ्या. पंचांनी सांगितलं की हात मिळवायचा आणि काळा खेळाडू पांढऱ्याचं घड्याळ सुरू करतो.

समोर लहान मूल आलं तर गोंधळू नका, आणि मोठं रेटिंग आलं तरीही. स्विस पद्धतीत (कोणी बाद होत नाही, सगळे सगळ्या फेऱ्या खेळतात) पहिल्या फेरीत रेटिंगप्रमाणे लावलेल्या यादीचे दोन भाग करतात आणि वरच्या भागातला पहिला खालच्या भागातल्या पहिल्याशी खेळतो. त्यामुळे नव्या माणसाला पहिल्या फेरीत बहुतेक भारी खेळाडूच मिळतो. हरलात तर पुढच्या फेरीत शक्यतो तुमच्याइतकेच गुण असलेला मिळेल. पहिली फेरी हरून दुपारची गाडी पकडणारे लोक स्पर्धेचा चांगला भाग पाहतच नाहीत.

७. चाल करण्याची पद्धत

ही पायरी सर्वांत महत्त्वाची, म्हणून सविस्तर.

दोन्ही हात मांडीवर किंवा टेबलाच्या कडेला ठेवून बसा. विचार करताना मोहऱ्यावर बोट नाचवायची सवय असेल तर ती इथे महाग पडते. हात लावला की चाल. स्वतःच्या मोहऱ्याला मुद्दाम हात लावला तर तोच चालायचा, समोरच्याच्या मोहऱ्याला लावला तर शक्य असेल तर तोच मारायचा. मोहरा नुसता नीट करायचा असेल तर आधी "ॲडजस्ट" असं स्पष्ट म्हणा, मग हात लावा. हात लावल्यावर म्हणून उपयोग नाही. तेसुद्धा स्वतःची चाल असतानाच. समोरच्याने हा हात लावण्याचा नियम मोडला आणि तुम्हाला तक्रार करायची असेल तर स्वतःच्या मोहऱ्याला हात लावण्याआधी करा. एकदा हात लावलात की तो हक्क संपला.

कॅसलिंगला राजा आधी उचलायचा, एकाच हाताने. आधी हत्ती उचलला तर फक्त हत्तीचीच चाल धरली जाऊ शकते. प्याद्याचा वजीर करताना पटाबाहेरचा वजीर आणून ठेवा. सापडत नसेल तर घड्याळ थांबवून पंचांकडे मागा. आपल्याकडे हत्ती उलटा ठेवून त्याला वजीर म्हणायची पद्धत आहे. स्पर्धेत उलटा हत्ती हा हत्तीच.

ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबायचं. चाल न करता घड्याळ दाबलं तर ती बेकायदा चाल होते. शह असताना दुसरीच चाल करणं, उंट चुकीच्या रंगात नेणं, याही बेकायदा चाली. क्लासिकल डावात पहिल्या वेळी समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात आणि दुसऱ्या वेळी डाव जातो.

आता डोळ्यांची सवय. चाल ठरली की लगेच हात उचलू नका. आधी समोरच्याच्या जागी बसल्यासारखा पट पाहा आणि तीन प्रश्न विचारा : ही चाल केल्यावर तो मला शह कुठून देऊ शकतो? माझं काय मारू शकतो? आणि पुढच्या चालीला काय धमकी तयार करू शकतो? दहा-पंधरा सेकंदांचं काम आहे. हौशी खेळाडूंचे दहातले आठ डाव या दहा सेकंदांत ठरतात, असा माझा अनुभव आहे.

एक उदाहरण घ्या. पांढरा ई४, काळा ई५. घोडा एफ३, घोडा सी६. उंट सी४. इथे काळा अचानक घोडा डी४ ला उडवतो. पांढऱ्याला दिसतं की ई५ चं प्यादं आता बिनआधाराचं आहे. तो घोड्याने ई५ मारतो आणि वर एफ७ वरही नजर आहे म्हणून खूश होतो. तीन प्रश्न विचारले असते तर दिसलं असतं : वजीर जी५. त्या एका चालीत ई५ चा घोडा आणि जी२ चं प्यादं दोन्हींवर मारा येतो. पांढरा अजूनही खूश असतो, तो घोड्याने एफ७ मारून वजीर आणि हत्तीवर एकदम मारा करतो. मग वजीर जी२ मारतो, हत्ती एफ१, वजीर ई४ मारून शह, उंट ई२ मध्ये, आणि घोडा एफ३ ला शहमात. उंट वजिरामुळे जागचा हलू शकत नाही आणि राजाला सगळीकडून स्वतःचेच मोहरे आडवे. आठ चालींच्या आत डाव संपला. चौथ्या चालीला घोड्याने नुसता डी४ चा घोडा मारला असता तर पांढऱ्याला काहीच त्रास नव्हता. पटावर मांडून हे खेळून पाहा, फुकटचं प्यादं दिसल्यावर हात आपोआप थांबेल.

शाळकरी पोरं अजून एक चाल हमखास करतात : ई४, ई५, आणि लगेच वजीर एच५. घाबरू नका. घोडा सी६, त्याने उंट सी४ आणला की जी६ करून वजीर हाकला. वजीर एफ३ ला गेला की घोडा एफ६. आता तुमचे मोहरे बाहेर आहेत आणि त्याचा वजीर फिरतो आहे. चुकायची जागा एकच, जी६ च्या ऐवजी लगेच घोडा एफ६ केला तर वजीर एफ७ मारून मात.

८. वेळ वाटून घ्या

बऱ्याच रेटेड स्पर्धांत ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद असतात. चाळीस चालींत या तीस सेकंदांची वीस मिनिटं होतात, म्हणजे चाळीस चालींना एकूण ११० मिनिटं. सरासरी पावणेतीन मिनिटं. पण सगळ्या चालींना सारखी वेळ देऊ नका. ओळखीच्या पहिल्या आठ-दहा चाली भराभर करा. पहिली मोठी मारामारी येते तिथे दहा-पंधरा मिनिटं बसलात तरी हरकत नाही. वेळ मुख्यतः तिथे खर्च करण्यासाठीच असते. शेवटच्या पंधरा मिनिटांना हात न लावता राजा-प्याद्यांपर्यंत पोचता आलं तर उत्तम.

समोरचा विचार करत असताना उठून एक चक्कर मारा, पाणी प्या. तुमची चाल असताना मात्र बाहेर जायचं झालं तर पंचांना विचारूनच. त्याची वेळ संपलेली दिसली तर घड्याळ थांबवून पंचांना दाखवा. त्याची वेळ संपली, पण तुमच्याकडे नुसता राजा उरला असेल तर जिंकता येत नाही, बरोबरी होते.

९. बरोबरी आणि पंच

बरोबरी मागायची ती चाल केल्यावर, घड्याळ दाबायच्या आधी. एकदा मागितली की परत घेता येत नाही. समोरचा नको म्हणाला किंवा त्याने चाल केली की विषय संपला. पुन्हापुन्हा मागून त्रास देऊ नका. पुढे असताना दमलात म्हणून बरोबरी देऊ नका आणि मागे असाल तर स्टेलमेट शोधत खेळत राहा. लवकर हार मानायची घाई हौशी डावात कधीच करू नये. समोरचाही तुमच्याइतकाच दमलेला असतो.

तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल, चाल त्याच खेळाडूची असेल, तर बरोबरीचा दावा करता येतो. पण पद्धत पाहा : येणारी चाल पटावर न करता स्कोअरशीटवर लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि पंचांना बोलवायचं. पन्नास चालींत कोणी प्यादं हलवलं नाही आणि काही मारलं नाही, तरीही दावा करता येतो. म्हणूनही लिहिणं नीट हवं. ज्याची स्कोअरशीट अर्धी, त्याचा दावा सिद्ध होत नाही.

पंचांना बोलवायला लाजू नका. गावाकडच्या खेळाडूंना वाटतं की पंच म्हणजे मास्तर, हात वर केला तर रागावतील. ते तिथे यासाठीच असतात. समोरच्याशी स्वतः भांडण्यापेक्षा घड्याळ थांबवा, हात वर करा, शांतपणे सांगा. आणि पालकांना एक विनंती : पोराच्या टेबलापाशी उभं राहून मान हलवू नका. तुमच्या मान हलवण्याने त्याला काही कळत नाही, फक्त त्याचं लक्ष तुमच्याकडे जातं. शिवाय पंचांनी पाहिलं तर तुम्हाला बाहेर जावं लागतं.

१०. डाव संपल्यावर

हात मिळवा, घड्याळ थांबवा. दोघांच्याही स्कोअरशीटवर निकाल लिहून सह्या करा. सही करण्याआधी निकाल वाचा. घाईत उलटा निकाल लिहून त्यावर सही केलेली एक मुलगी मी रडताना पाहिली आहे. वरची प्रत आयोजकांची असते, खालची कार्बन प्रत तुमची. मोहरे परत मांडून उठा.

मग समोरच्याला विचारा, "बाहेर बसून बघायचा का डाव?" बहुतेक जण हो म्हणतात. हॉलमध्ये नाही, बाहेर, व्हरांड्यात किंवा झाडाखाली, पट मांडून. भुसावळच्या त्या मुलाने मला त्या दिवशी डाव संपल्यावर हेच विचारलं होतं, "काका, बघायचा का?" त्याने दाखवलं की मी हत्तीला हात लावला होता ते चुकीचं नव्हतंच. हत्तीची दुसरी एक चाल होती, घोडा वाचत होता आणि डाव बरोबरीकडे जात होता. मी नुसता हात लावल्याच्या धक्क्याने पहिलं दिसेल तिथे हत्ती ठेवला होता. डाव मी त्या चालीला हरलो होतो, हात लावला तेव्हा नाही. हे मला संगणकाने सांगितलं असतं, पण समोर बसलेल्याने सांगितलं ते लक्षात राहिलं.

जळगावच्या जैन हिल्सवर २०२४ मध्ये अकरा वर्षांखालील मुलामुलींची राष्ट्रीय स्पर्धा झाली. अशी मोठी स्पर्धा जवळ असेल तर खेळायला नाही तरी पाहायला जा. पोरं डाव संपला की काय करतात ते पाहा.

घरी परतताना गाडीत स्कोअरशीट काढा. संगणक अजून लावू नका. आपण स्वतः कुठे अडखळलो, कुठे घाबरलो, कुठे घाई केली, त्या त्या चालीपुढे पेनाने खूण करा आणि शेजारी तेव्हा मनात काय होतं ते दोन शब्दांत लिहा. अमळनेर ते जळगाव एवढ्या प्रवासात एक डाव नीट होतो. संगणकाला दुसऱ्या दिवशी विचारा आणि त्याच्या खुणा तुमच्या खुणांच्या शेजारी लाल पेनाने करा. माझ्या त्या पहिल्या स्कोअरशीटवर हत्तीच्या चालीपुढे दोन्ही खुणा आहेत, आणि त्याखाली त्या मुलाच्या हाताने लिहिलेली त्याची चाल.